वाटेवरचे प्रश्न : डोमिनिकाला चालायला जाताना

दिवाळी सरली की परदेशवारीची पत्रं सुरू होतात, ते नेहमीचंच. यंदा मात्र युरोप आणि थायलंडच्या गठ्ठ्यात कॅरिबियनची पत्रंही बरीच निघाली आणि त्यातली निम्मीशिम्मी एकाच बेटाबद्दल. तेव्हा या अंकात बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त डोमिनिका.

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याचे. मी आणि नवरा चाळिशीतले, मुलगा चौदा वर्षांचा. महिन्याला एखादा गड होतोच. नणंद न्यू जर्सीला असते. जानेवारीच्या शेवटी तिच्याकडे जाणार आहोत आणि तिथून सगळ्यांनी मिळून आठ-नऊ दिवस कॅरिबियनला जायचं ठरतंय. नणंदेचे मिस्टर म्हणतात, पुंता कानाचं रिसॉर्ट घ्या, खाणंपिणं सगळं आतच. मुलाला उकळतं तळं बघायचंय आणि डायव्हिंग करायचंय, तो म्हणतो डोमिनिका. दोन्ही एकच का? सासूबाईही बरोबर आहेत, वय सदुसष्ट, रोज तासभर चालतात पण गुडघे कुरकुरतात. आठवडा कसा बसवावा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी घोळ निस्तरू. पुंता काना आहे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. तो हैतीशेजारचा, स्पॅनिश बोलणारा मोठा देश. तुमच्या मुलाचं उकळतं तळं आहे डोमिनिकामध्ये. ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेला हा जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचा देश, बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा. सरकारी भाषा इंग्रजी, घरात फ्रेंच वळणाची क्रिओल, राजधानी रोझो. बुकिंगच्या साइटवर ही दोन नावं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असतात आणि भलत्याच देशाचं तिकीट काढलेली माणसं मी पाहिली आहेत. तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा : डीओएम असेल तर डोमिनिका. पीयूजे किंवा एसडीक्यू दिसला तर ते रिपब्लिक.

आता निवड. पांढऱ्या वाळूवर छत्रीखाली पडून राहायचं असेल तर नणंदेचे मिस्टर बरोबर सांगताहेत, त्यात वाईट काही नाही. डोमिनिकातले बहुतेक किनारे काळ्या-करड्या ज्वालामुखीच्या वाळूचे, छोटे आणि बरेचसे गोट्यांचे. तिथे लोळायला गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी वैतागतो. पण महिन्याला गड करणाऱ्या घरासाठी मुलाचं म्हणणं खरं. संपूर्ण बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेले डोंगर आणि दऱ्या, सपाट जमीन शोधावी लागते. मॉर्न त्रोआ पितों हा तिथला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगराळ पट्टा १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि उकळतं तळं त्यातच येतं.

तुमच्या पत्रासोबत मुलाने केलेली यादी आहे. छान आहे, त्यात सगळं आहे. फक्त क्रम चुकलाय. तिथे काय बघायचं यापेक्षा कशाच्या आधी काय करायचं याला महत्त्व आहे. त्याने पहिल्या दोन दिवसांत डायव्हिंग आणि तिसऱ्या दिवशी तळं ठेवलंय. ते उलटं करायचं.

कारण साधं आहे. डायव्हिंग करताना दाबामुळे रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसत नाहीत. एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर किमान अठरा तास थांबायचं, आणि मी सगळ्यांना सरसकट चोवीस सांगते. लोक विमानाचं लक्षात ठेवतात आणि डोंगराचं विसरतात. तळ्याच्या वाटेवरची मॉर्न निकल्सची धार समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे. आदल्या दिवशी पाण्याखाली जाऊन आलेल्या शरीराला ती धार आणि विमान यात फारसा फरक वाटत नाही. म्हणजे आधी डोंगर, मग समुद्र, मग पुन्हा जमिनीलगतचा एखादा दिवस आणि मग विमान.

असं बसवा. मायामीहून डोमिनिकाला थेट विमान येतं. विमानतळ ईशान्येला आणि रोझो नैर्ऋत्येला, मधे डोंगर, त्यामुळे अंतर लहान असूनही नागमोडी रस्त्याने दीड तास जातो. त्या दिवशी काहीही करू नका. मुक्काम रोझोत न घेता वरच्या दरीत घ्या, लोडा किंवा वॉटन वेव्हनच्या बाजूला. हवा गार असते आणि वाटा दारातून सुरू होतात. एकच अडचण, धुतलेले कपडे वाळत नाहीत. कधीच नाहीत. चटकन सुकणारे कपडे न्या, जीन्स घरी ठेवा.

दुसरा दिवस पाय मोकळे करण्याचा. लोडाच्या वर फ्रेशवॉटर लेक आहे, त्याला वळसा घालणारी सोपी वाट आहे. दुपारी ट्रॅफल्गरचा जुळा धबधबा. गाडी थांबते तिथून बघायच्या मचाणापर्यंत दहा-पंधरा मिनिटं, सासूबाई आरामात येतील. पुढचे खडक बघून मुलगा वर चढायला धावेल, त्याला आवरा. ते दगड शेवाळलेले असतात.

तिसरा आणि चौथा दिवस मिळून तळ्यासाठी राखा. दोन्हीपैकी ज्या दिवशी आभाळ बरं असेल त्या दिवशी जायचं, उरलेल्या दिवशी वॉटन वेव्हनच्या गरम गंधकाच्या कुंडात बसायचं. तुमचा गाइड आदल्या संध्याकाळी सांगेल, त्याचं ऐका. जानेवारीचा शेवट हा कोरड्या दिवसांची सुरुवात मानतात, पण डोंगरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा पावसाळ्यात पडत नाही.

आता तळ्याबद्दल सविस्तर, कारण सगळे प्रश्न तिथेच येऊन थांबतात.

जाऊन-येऊन तेरा किलोमीटरच्या आसपास. आकडा बघून नवरोबा म्हणतील, एवढंच? हरिश्चंद्रगडाच्या वाटा केलेल्या माणसाला अंतर काहीच नाही. पण सहा ते आठ तास लागतात आणि ते का, हे पहिल्या तासानंतर कळतं. सुरुवात टिटू गॉर्ज नावाच्या अरुंद घळीपाशी होते. पहिला टप्पा दाट रानातून ब्रेकफास्ट रिव्हरपर्यंत, तोवर सगळे गप्पा मारतात. तिथून मॉर्न निकल्सचा चढ लागतो. वाटेला पायऱ्या आहेत, पण त्या आडव्या टाकलेल्या ओंडक्यांच्या. एकेक पायरी गुडघ्याएवढी, मागे चिखलाचं डबकं. चढताना दम लागतो, येताना त्याच पायऱ्या मांड्यांची परीक्षा घेतात. काठी घ्याच, दोन असल्या तर उत्तम.

धारेच्या पलीकडे वाट घसरणीसारखी खाली जाते आणि झाडं संपतात. ही व्हॅली ऑफ डेसोलेशन. पायाखाली राखाडी भुसभुशीत जमीन, मधेच गंधकाचे पिवळे चट्टे, एक ओहोळ दुधासारखा पांढरा, त्याला येऊन मिळणारा दुसरा काळा. काही पाणी कोमट, काही पोळणारं, आणि वरून बघून त्यातलं कुठलं कुठे ते कळत नाही. गाइड पाय ठेवेल तिथेच पाय ठेवायचा, फोटोसाठी डावी-उजवीकडे जायचं नाही. वरचा पापुद्रा पातळ असतो. आमचा गाइड खिशातून अंडी घेऊन आला होता. फडक्यात बांधून त्याने ती एका बुडबुडणाऱ्या खड्ड्यात सोडली आणि आमची बिस्किटं संपेपर्यंत ती उकडून निघाली. सोलताना बोटं भाजली, पण मीठ त्याच्याकडे होतं. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवा : हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. माझी जोडवी तळ्यावर पोहोचेपर्यंत काळीकुट्ट झाली होती. सोन्याला काही होत नाही.

तळं साधारण साठ मीटर रुंदीचं. जमिनीतून वाफ येते त्या भेगेवर पाणी साचून ते झालंय, म्हणून मधोमध सतत उकळी फुटत असते. न्यूझीलंडचं फ्राइंग पॅन लेक सोडलं तर असं एवढं मोठं दुसरं नाही. पाण्याची पातळी वरखाली होते. २००४ च्या डिसेंबरात तर ते खाली उतरून जवळपास रिकामं झालं होतं, पुढे पुन्हा भरलं. गेल्या गेल्या ते दिसेलच असं नाही. वाफ दाटलेली असते, वाऱ्याने ती बाजूला होईपर्यंत बसायचं. काठाला कठडा नाही. मुलाला हाताच्या अंतरावर ठेवा, चौदा वर्षांचा असला तरी.

निघायची वेळ सकाळी सातची. रोझो साधारण आपल्या मडगावच्याच अक्षांशावर आहे, म्हणजे त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य गेलाच म्हणून समजा. रानात त्याआधीच अंधारतं. गाइडशिवाय जाऊ नका. वाट पुसट आहे म्हणून नाही, ओहोळ ओलांडताना कुठे पाणी वाढलंय आणि माघारी कधी फिरायचं हे त्याला कळतं म्हणून. तळ्याकडे केबल कार नेण्याचं काम सरकारने हाती घेतलंय, त्यामुळे वाट सध्या कुठून सुरू होते तेही त्यालाच विचारा. परत आल्यावर टिटू गॉर्जच्या थंडगार पाण्यात उडी मारता येते, त्यासाठी मुलगा बाकी सगळं विसरेल.

सासूबाईंना तळ्यावर नेऊ नका, त्या कितीही म्हणाल्या तरी. पण त्या दिवशी त्यांना घरी बसवूनही ठेवू नका. माझा आग्रह आहे की गाडीवाला दिवसभरासाठी सांगा आणि त्यांनी, हवं तर नणंदेसोबत, एमराल्ड पूल बघावा. तो रानातला धबधबा दहा-पंधरा मिनिटांच्या चांगल्या वाटेवर आहे. मग रोझोचा बाजार आणि बोटॅनिकल गार्डन. तिथे एका गोरखचिंचेच्या झाडाखाली पिवळी शाळेची बस चेपून पडली आहे. १९७९ च्या डेव्हिड वादळात झाड तिच्यावर कोसळलं, तेव्हापासून ती तशीच ठेवली आहे. सुदैवाने बस रिकामी होती.

पाचव्या दिवशी खाली दक्षिण किनाऱ्याला उतरा. सूफ्रिएर आणि स्कॉट्स हेडचा उपसागर हा बुडालेल्या ज्वालामुखीचा भाग, काठाजवळच पाणी खोल होत जातं. शेजारीच शॅम्पेन रीफ. समुद्रतळातून गरम वायूचे बुडबुडे वर येत असतात आणि ते नुसत्या स्नॉर्केलनेही दिसतात. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालून बघावं. मुलाचं वय पहिल्या ओळखीच्या डाइव्हला चालतं, पण प्रशिक्षकाबरोबर आणि बारा मीटरच्या आत. सर्दी झाली असेल तर नाही म्हणायला शिकवा, कान कामाचे असतात. सहावा दिवस दुसऱ्या डाइव्हसाठी किंवा व्हेल बघायला. पश्चिम किनाऱ्यालगतच्या खोल पाण्यात स्पर्म व्हेल बारा महिने असतात. २०२३ मध्ये सरकारने तिथला सुमारे ८०० चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्यासाठी राखीव करत असल्याचं जाहीर केलं. बोट हलते, उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची.

सातव्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला पोर्ट्समथला जा आणि दोन रात्री तिथेच राहा. इंडियन रिव्हरवर वल्ह्याची होडी मिळते, इंजिन लावायला बंदी आहे. दोन्ही काठांची झाडं आपली मुळं भिंतीसारखी पाण्यात सोडून उभी आहेत. इथे सासूबाई पुढच्या फळीवर बसतील. आणि तुमच्यासारख्या गडवेड्यांनी कॅब्रिट्सवरचा फोर्ट शर्ली चुकवू नये. अठराव्या शतकातली ब्रिटिशांची छावणी. १८०२ च्या एप्रिलमध्ये इथल्या आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या आफ्रिकन सैनिकांनी बंड केलं. गुलाम म्हणून विकत घेऊन त्यांच्या हाती बंदुका दिल्या होत्या, आणि आता आपल्याला उसाच्या मळ्यात जुंपणार अशी त्यांना धास्ती होती. तीन दिवस गड त्यांच्या ताब्यात होता. बंड चिरडलं गेलं, पण १८०७ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या अशा सगळ्या गुलाम सैनिकांना मुक्त करावं लागलं. इतिहासकार लेनॉक्स हनीचर्च यांच्या पुढाकाराने त्या पडक्या इमारती पुन्हा उभ्या राहिल्या आहेत. दोन टेकड्यांच्या खोगिरात गड आहे, वर-मागे रानात तोफा पडलेल्या आहेत. अर्धा दिवस द्या.

आठव्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरचा, बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या कालिनागो लोकांचा प्रदेश, तव्यावरची कसाव्याची भाकरी तिथेच खायची. पूर्वेला अटलांटिक आहे, समुद्र खवळलेला असतो, तिथे पोहायला उतरू नका. नवव्या दिवशी पोर्ट्समथहून विमानतळ जवळ पडतो.

किरकोळ : भारतीय पासपोर्टला डोमिनिकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण तुमचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, आणि नणंदेच्या घरच्यांनी आपापल्या पासपोर्टवरचे शिक्के तपासावेत. निघण्याआधी दोन्हीकडचे ताजे नियम बघा. एका अमेरिकन डॉलरला २.७० ईस्ट कॅरिबियन डॉलर हा भाव कायमचा बांधलेला आहे. वीज २३० व्होल्टची, तुमचे चार्जर चालतील, नणंदेचा केसांचा ड्रायर जळेल. गाड्या डाव्या बाजूने चालतात. आणि तुमच्यातल्या कोणाची लष्करी छापाची कॅमोफ्लाज पँट असेल, ट्रेकवाल्यांत ती घरटी एक असतेच, तर ती घरीच ठेवा. साध्या नागरिकाने, मुलांनीसुद्धा, तसले कपडे घालणं तिथे गुन्हा आहे.

प्रश्न : आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं. चालून चालून भूक लागणार आणि तिथे सगळीकडे मासे-मटण. आठवडाभर थेपल्यांवर काढायचा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापूरकर आणि शाकाहारी, तुम्ही निम्मी लढाई आधीच जिंकली आहे. थेपले दोन दिवसांचे न्या, विमानासाठी. पुढे गरज पडत नाही. तिथलं रोजचं जेवण जमिनीतल्या कंदांचं : अळकुडीच्या जातीचा डशीन, सुरणासारखे याम, रताळी, उकडलेली हिरवी केळी, राजेळीसारखी प्लँटेन. याला ते 'प्रोव्हिजन्स' म्हणतात. डोंगर चढणाऱ्याला याहून चांगलं इंधन नाही. नीरफणस तर घरोघरी. कोकणातल्या वाचकांना त्याचे काप सांगायला नकोत, तिथे तो चुलीत अख्खा भाजतात आणि सोलून खातात. डाळ आणि राजमाही मिळतो.

कॅलालू नावाचं सूप आता देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. ते डशीनच्या पानांचं, म्हणजे अळूचं, नारळाच्या दुधात शिजवलेलं. चव ओळखीची लागते आणि घसा खवखवत नाही. मात्र त्यात खेकडा किंवा पिगटेल, म्हणजे खारवलेली डुकराची शेपटी, बरेचदा घालतात, आणि 'व्हेजिटेरियन आहे ना?' असं विचारलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून वाढतील. म्हणून नाव घेऊन विचारा : मासा, खेकडा, पिगटेल, चिकन, यातलं काही आहे का? रस्ताफारी पंथाच्या लोकांच्या 'आयटल' खानावळी बघून ठेवा, त्यांच्याकडे मांसाचा प्रश्नच येत नाही आणि मीठही बेताचं असतं. लिंबाचं लोणचं न्याच. 'माउंटन चिकन' असं कुठे वाचलंत तर दचकू नका, ती कोंबडी नसून बेडूक आहे. एकेकाळी ताटात असायचा, देशाच्या राजचिन्हावरही आहे. २००२ पासून बुरशीच्या रोगाने तो जवळजवळ संपला, आता त्याची शिकार होत नाही.

प्रश्न : सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकिटं आणि हॉटेलं निम्म्या भावात दिसताहेत. आधी त्रिनिदादला मित्राकडे, मग डोमिनिका, असं जावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. वादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातले ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचं वादळ थेट डोमिनिकावर आलं, बेटावरची बहुतेक घरं बिनछपराची झाली आणि डोंगरावर हिरवं पान उरलं नाही. दरवर्षी तसं होत नाही हे खरं. पण हॉटेल स्वस्त का आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. फेब्रुवारी ते एप्रिल जा. कार्निव्हलचे दिवस तेवढे बघून घ्या, ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीचे सोमवार-मंगळवार. त्या वेळी खोल्या मिळत नाहीत आणि गाइड नाचत असतात, जे योग्यच आहे.

त्रिनिदादबद्दल एक. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे, डोमिनिका नाही. त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लशीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरण. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, तेव्हा आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

प्रश्न : मी रिटायर्ड मास्तर, चालणं भरपूर, क्रिकेट त्याहून जास्त. जयस्वालने पदार्पणात शतक केलं ते मैदान डोमिनिकातच ना? मुलगा नेतो म्हणतोय. मॅच आणि डोंगर एकाच फेरीत जमेल? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तेच, सर. रोझोचं विंडसर पार्क. जुलै २०२३, आपल्या मुंबईकराच्या १७१ धावा, अश्विनचे सामन्यात बारा बळी, आणि तिसऱ्याच दिवशी डावाने विजय. त्याच सामन्यात डोमिनिकाच्याच ॲलिक अथानाझचंही पदार्पण होतं, त्यामुळे गाव दोन्हीकडून टाळ्या वाजवत होतं. मैदान शहरातच आहे, मागे डोंगराची भिंत. त्या स्टँडमधून जितकं क्रिकेट बघाल तितकेच ढग.

जमेल का? सामना कधी लागतो यावर आहे, आणि भारताचे दौरे बहुतेकदा जून-जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पावसात आणि वादळाच्या हंगामात. तेव्हा डोंगराचे दिवस सामन्याच्या आधी ठेवा. सामना तीन दिवसांत आटोपला तर वरचे दोन दिवस सिंडिकेटच्या रानात काढा. तिथल्या सपाटशा वाटेवर पहाटे पोपट बघायला जातात. झेंड्यावर आहे तो जांभळ्या पोटाचा सिसरू मारियानंतर फार कमी झालाय, त्याचा भरवसा धरू नका. त्याचा लहान भाऊबंद जाको बरेचदा दिसतो. मुलगा मॉर्न डायब्लोटिन्सवर नेतो म्हणाला तर त्याला एकट्याला पाठवा. १,४४७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा कमी, पण वरचा चढ जमिनीवरून नाहीच. मुळं आणि फांद्या धरून लोंबकळत जायचं असतं.

प्रश्न : वय २६, नाशिक. वाइटुकुबुली ट्रेल सलग एकट्याने करायचीय, तंबू घेऊन, कमीत कमी खर्चात. साप-विंचू, नद्या, परवानगी, काय ते सांगा. – एक वाचक

उत्तर : पत्र तुझं आवडलं, म्हणून अरेतुरे करते.

वाट दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत जाते, सुमारे १८५ किलोमीटर, चौदा टप्पे, २०११ मध्ये खुली झाली. बेट उभं ४७ किलोमीटर आहे हे बघ आणि मग १८५ चा अर्थ लाव : प्रत्येक दरीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. दिवसाला एक टप्पा धरला आणि दोन विसाव्याचे, तर सोळा-सतरा दिवस ठेव. मारियाने वाटेचे लचके तोडले. बरीचशी पुन्हा मोकळी केली, पण सगळे टप्पे सारख्या अवस्थेत कधीच नसतात. इंटरनेटवरच्या २०१६ च्या नकाशावर विसंबू नकोस. रोझोत उतरल्यावर वनखात्याच्या कचेरीत जा, कुठला टप्पा बंद, कुठे दरड, ते विचार आणि पास तिथेच काढ.

तंबूचं ओझं नको. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय तंबू टाकता येत नाही, आणि त्या पावसात दुसऱ्या रात्री तंबूच्या आत-बाहेर फरक राहत नाही. बहुतेक टप्पे गावात संपतात. होमस्टे घे, खर्च वाढेल पण कोरडा झोपशील आणि रात्री गरम जेवशील. पैसे वाचवायचे तर गाडी भाड्याने घेऊ नकोस, स्थानिक मिनीबसने फीर. नंबरप्लेट एच या अक्षराने सुरू होते ती बस. रविवारी त्या जवळपास नसतात, त्यामुळे रविवार हा तुझा धुणं-वाळवणाचा दिवस. म्हणजे धुण्याचा, वाळवणाचं वर लिहिलंच आहे.

विषारी साप त्या बेटावर एकही नाही. सह्याद्रीत फुरसं बघून वाढलेल्या माणसाला रानात एवढं निर्धास्त फिरायला मिळणं ही चैन आहे. जाडजूड अजगरासारखा बोआ दिसेल, त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे. घाबरायचं ते झाडाला : किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, फळ हिरव्या लहान सफरचंदासारखं. फळ खायचं नाही, चीक लागू द्यायचा नाही, आणि पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडीला फोड येतात.

नद्या पुष्कळ ओलांडाव्या लागतील. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. गढूळ झालं, पाण्यातून काटक्या वाहायला लागल्या की मागे सरायचं आणि उतरेपर्यंत बसायचं. तासा-दोन तासांत उतरतंही. पायाला जखम असेल तर ती झाकूनच पाण्यात जा. लेप्टो तिथेही आहे. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला डेंग्यूबरोबर तेही सांग.

एकट्याने जायचं म्हणतोस, तर पहिले तीन टप्पे एकट्याने कर, वॉटन वेव्हनपर्यंत. गरम कुंडात बस आणि विचार कर. पुढचे आतल्या रानातले टप्पे स्थानिक माणूस बरोबर घेऊन कर. सहावा टप्पा कालिनागो प्रदेशातून, वस्ती-वस्तीने जातो, तिथे पुन्हा एकटा हो. रोज निघताना होमस्टेवाल्यांना सांगून जा आणि पुढच्या मुक्कामाला पोहोचलास की त्यांना फोन कर, ते खरोखर वाट बघत असतात. विमा काढताना नुसतं 'प्रवास विमा' बघून सही करू नकोस. ट्रेकिंग आणि जंगलातून उचलून आणण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते वाचून घे. तसं लिहिलेलं नसेल तर दुसरी पॉलिसी बघ.